वाघ माहेरी जायचा तेव्हा

अजितनं मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी उन्हाळ्याबद्दल आणि जुन्या थेटरातल्या वासाबद्दल लिहीत बसेन, आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाई हळवी झाली. मी हळवी झालेली नाही. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या नाट्यगृहाचा मे महिना पोरांचा होता. अजितच्या वडिलांनी, आप्पांनी, तो माझ्या हातात हात घालून दिला होता. बदल्यात त्यांनी माझ्याकडून जंगलाचा पडदा नेला. आप्पा गेले. अजित त्यांच्या जागी कमिटीचा अध्यक्ष झाला आणि त्यानं मे महिना साड्यांच्या सेलला नि लग्नाच्या रिसेप्शनांना देऊन टाकला. पडदा मात्र ठेवून घेतला. माल ठेवायचा आणि सौदा मोडायचा, याला आमच्या हळदीच्या धंद्यात फसवणूक म्हणतात. कमिटीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

यंदाही मे आलाच. तो काही कुणाला विचारून येत नाही. दुपारी मार्केट यार्डातले रस्ते पांढरे पडतात, हळदीची धूळ उडून बैलांच्या पाठीवर, टेम्पोच्या काचांवर, माणसांच्या भुवयांवर बसते. बेदाण्याच्या पेट्यांचा आंबटगोड वास येतो. चार वाजता पश्चिमेला ढग चढतात, वारा सुटतो, पत्रे वाजतात, आणि बऱ्याचदा काहीच न पडता सगळं पुन्हा तापत बसतं. अशा वाऱ्यात मला अजून थेटरातल्या रंगाच्या सफेद्याचा आणि सरसाचा वास येतो. दुकानात असले तरी येतो. समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं, भाव चाललेला असतो, आणि मधेच मला वाटतं, उशीर झाला, ताई ओरडतील.

ताई म्हणजे कुमुदताई. त्या साताऱ्याच्या. तरुणपणी नाटक कंपनीतून गावोगाव फिरलेल्या, पुढं साताऱ्यात शाळेत शिकवलं. दर मे महिन्यात एसटीनं सांगलीला यायच्या. एक बॅग, एक वळकटी, एक स्टोव्ह. थेटराच्या रंगपटाशेजारच्या खोलीत महिनाभर राहायच्या आणि गावातल्या पोरांचं शिबिर घ्यायच्या. शेवटच्या दिवशी नाटक.

माझी आई आप्पांच्या वखारीत हळद निवडायला जायची. सुट्टीत मीही जायची, आणि दुपारनंतर थेटराच्या कोपऱ्यावर लिंबं विकायची. आत पोरांचा दंगा ऐकू यायचा. एक दिवस टोपली घेऊन सरळ आत गेले. दारावरच्या माणसानं अडवलं, "फी भरलीस का?" मी म्हटलं, "रोज लिंबं देते की सरबताला." आतून ताई आल्या. उंच, सावळ्या, कमरेला पदर खोचलेला. माझ्या हातांकडं बघितलं. कोपरापर्यंत पिवळे.

"लग्न आहे का गं घरात?"

"न्हाई. हळद निवडतो आमी."

"घशाला लिंबू बरं नव्हे. लिंबाच्या बदल्यात नाही घेणार."

"मग तुमी नका घेऊ. बाकीच्यास्नी पाजा. पोरं ताकदीनं वरडतील."

ताई हसल्या. मला स्टेजवर उभं केलं आणि म्हणाल्या, "लिंबं विकतेस तशी ओरड. ती शेवटची रांग दिसते? तिथं लिंबू पोचलं पाहिजे." मी ओरडले. असं ओरडले की बाल्कनीतले पारवे उडाले. ताई म्हणाल्या, "पोचलं. उद्यापासून ये. आणि लिंबं आण."

माझ्या आयुष्यातला हा पहिला सौदा. पुढं पुष्कळ केले, त्यातले काही असे की समोरच्याला घरी गेल्यावर ताप आला असेल. पण दोन्ही बाजूंनी खरा उतरलेला सौदा म्हटला की मला तोच आठवतो.

शेवटच्या रांगेचं ताईंना वेड होतं. पुढच्या रांगा खुर्च्यांच्या, शेवटी भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक. तालमीला समोर कुणीच नसायचं, तरी त्या मधेच हात वर करून थांबवायच्या. "बाकावर पोचलं नाही. पुन्हा." एकदा अजित वैतागला. तोही शिबिरात होता, आप्पांचा मुलगा म्हणून नव्हे, आवाज चांगला म्हणून. तो म्हणाला, "ताई, तिथं कुणी बसलेलंच नाही."

"तुला दिसत नाही म्हणून?"

"कोण बसलंय मग?"

"नाटक बघायची हौस होती आणि बघायला उरले नाहीत, ते. त्यांना पुढची खुर्ची कोण देणार? म्हणून मागं बसतात. त्यांना ऐकू गेलं की पुढच्यांना जातंच."

आम्ही सगळ्यांनी बाकाकडं बघितलं. भर सकाळ होती. झरोक्यातून उन्हाची तिरीप बाकावर पडली होती आणि त्यात धूळ तरंगत होती. कुणी हसलं नाही. त्या दिवशी अजितचा आवाज पहिल्यांदा भिंतीपर्यंत गेला.

आणि तो पडदा. जुन्या संगीत नाटकांच्या काळातला, कापडावर सरसाच्या रंगांनी रंगवलेला. थेटरात महालाचे, रस्त्याचे पडदे होते, ते हळूहळू फाटत गेले. जंगलाचा मात्र टिकला. हिरव्याकाळ्या झाडांची दाटी, मधून आत जाणारी एक पाऊलवाट, आणि वाटेच्या कडेला बसलेला वाघ. उभा नव्हे, झेप घेणारा नव्हे. नुसता बसलेला, घरच्या माणसाची वाट बघत बसावं तसा. तुम्ही स्टेजच्या कुठल्याही कोपऱ्यात जा, तो तुमच्याकडंच बघणार. आमच्यातले धिटुकले त्याला पाठ करून उभं राहायची पैज लावायचे. फार वेळ कुणी टिकायचं नाही.

ती वाट कुठं जाते यावर भांडणं व्हायची. कुणी म्हणायचं वाईला, कुणी म्हणायचं कोयनेच्या जंगलात. ताई म्हणाल्या, "साताऱ्याला जाते. मी त्याच वाटेनं येते. एसटीनं येते हे आपलं तुम्हाला सांगायला." आमच्यातल्या लहानग्यांना ते खरं वाटलं. मला वाटलं नाही. मी त्या वयातही सहज फसणारी नव्हते. पण मे संपला की मी त्या वाटेकडं बघून घ्यायची, एवढं खरं.

मला पडद्यापुढं काम कधी मिळालं नाही. पिवळे हात दिव्यात विचित्र दिसतात, असं कुणाच्या तरी आईनं म्हटलं होतं. ताईंनी मला पडद्यामागं उभं केलं. "तू जंगल," म्हणाल्या. वारा, पाखरं, लांबची डरकाळी, सगळं मी. आणि पुढच्यांची वाक्यं चुकली की सांगायचं कामही माझंच. अजित शिकारी होता. नाटकाच्या दिवशी थेटर भरलं, दिवे लागले, अजित डौलात आला आणि वाघासमोर उभा राहून गप्प. चेहरा पांढरा. वाक्य साधं होतं, "ही वाट कुठं जाते?" मी पडद्यामागून, नेमकी वाघाच्या मागं उभी राहून, हळू सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं सांगितलं. आणि मोठ्यानं म्हणजे मला एकच प्रकार ठाऊक होता.

"ही वाट कुठं जाते!"

वाघच बोलला.  खालून कुणीतरी ओरडलं, "आयला, वाघ बोलला रं!" आणि टाळ्यांनी पत्रा हलला. अजितला वाटलं टाळ्या त्याला. अजून वाटत असेल.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा पोचवायचा. ही आमच्या थेटराची रीत, दुसरीकडं मी पाहिली नाही. थेटर नदीकडच्या सखल भागात. पावसाळ्यात कृष्णा कधी आत येईल सांगता येत नाही, आणि सरसाच्या रंगाला पाणी लागलं की सगळं जंगल वाहून जातं. म्हणून पावसाआधी पडदा बांबूवर गुंडाळून आप्पांच्या उंचावरच्या वखारीच्या माडीवर न्यायचा आणि दसऱ्यानंतर परत आणायचा. नेणार शिबिरातली पोरं. खांद्यावर बांबू, एकामागं एक सगळे, पुढं ताई. अट एकच, वाटेत कुठंही टेकवायचा नाही. टेकला तर वाघ वाट विसरतो.

गल्लीच्या वळणावर खरी कसोटी. बांबू इतका लांब की पुढचे वळले तरी मागच्यांना समोरच्या घराच्या ओसरीत शिरावं लागायचं. घरातली बाई ताट उचलून जागा द्यायची, "या गं, या, वाघाला सांभाळा." लांबून बघणाऱ्याला ती मिरवणूक वेगळीच दिसायची. पानपट्टीवाला दरवर्षी तोच विनोद करायचा.

"कोन गेलं रं, गड्यांनो?"

"वाघ!"

"मेला?"

"मेला न्हाई. माहेरी चाललाय!"

वखारीच्या दारात आप्पांची आई थांबलेली असायची. बांबूला कुंकू लावायची, नारळ-तांदूळ ठेवायची. आप्पा म्हणायचे, "आई, वाघाची कुणी ओटी भरतं का?" म्हातारी म्हणायची, "माहेरी आलं की भरायचीच. तू गप बस." मग माडीवरच्या तुळ्यांवर वाघ चढायचा. खाली हळदीच्या पोत्यांचे डोंगर, वर गुंडाळलेलं जंगल. ताई जिन्यातून उतरताना एकदा मागं वळून बघायच्या आणि त्याच दुपारच्या गाडीनं साताऱ्याला जायच्या. त्यानंतर सांगलीत उन्हाळा असायचा, पण मे नसायचा.

नंतर मी मोठी झाले, हे वेगळं सांगायला नको. निवडणाऱ्या बाईची पोर, पुढं हुंडेकऱ्याकडं, म्हणजे माल गाडीनं पाठवणाऱ्याकडं, कारकून, मग स्वतःची अडत, मग स्वतःची वखार. कुणी हात धरून वर नेलं नाही. उलट यार्डात माझ्याशी व्यापार करणाऱ्यांना माझा हात धरायची पंचाईत होती. आमच्याकडं जुना सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आणि बोटं धरून भाव ठरवायचा, तोंडानं एक शब्द नाही. पण बाईची बोटं कोण धरणार? माझे सौदे तोंडानं व्हायचे, भांडून व्हायचे. म्हणून माझं तोंड असं झालं. लोक म्हणतात, शालन तापट आहे. बोटं मिळाली असती तर कदाचित मीही गप्प बसून भाव केला असता.

ताई थकल्या, यायच्या थांबल्या. शिबिर बंद पडलं. थेटर गळायला लागलं, मग त्याला कुलूप लागलं. पडदा आतच राहिला. पोरंच नाहीत तर पोचवणार कोण?

मग एका वर्षी कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या आल्या. पुलाखालचं पाणी चढत होतं, गावभागातली माणसं संसार घेऊन बाहेर पडत होती. मी दुकानात बसून हळदीची पोती वरच्या थप्पीला लावून घेत होते आणि डोक्यात एकच, वाघ आत आहे. कमिटीतल्या एकाला फोन केला. तो म्हणाला, चावी कुणाकडं आहे ते बघतो. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. यार्डातले हमाल घेतले, टेम्पो घेतला, कुलूप तोडलं. पाणी पायऱ्यांवर आलं होतं. बाहेर पडेपर्यंत कमरेला लागलं. आमचा म्हादबा हमाल सगळ्यात पुढं.

"म्हादबा, टेकवायचा नाही बघ!"

"आवं आक्का, वाघ टेकवत न्हाई वो, पन आमी टेकाय लागलोय त्येचं काय?"

टेकवला नाही. पाणी ओसरल्यावर थेटराच्या भिंतीवर गढूळ रेघ उमटली, ती वाघ टांगायचा तिथल्या उंचीच्याही वर होती. आणि कमिटीनं मला विचारलं काय, तर कुलूप कुणी तोडलं.

वाघ माझ्या वखारीच्या माडीवर राहिला. पुष्कळ वर्षं राहिला. कापडाला हवा लागावी म्हणून दर उन्हाळ्यात एक दिवस उलगडून टांगायची. अशीच एक मेची दुपार, खाली बायका हळद निवडत होत्या. एकदम सगळ्यांचे हात थांबले.

"आक्का, वर पोरं खेळत्यात काय?"

"पोरं कुठली? पत्रा तापला की वाजतो."

त्यातली म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "पत्रा वाजतोय, आक्का. हसत न्हाई."

मी वर गेले. कुणी नव्हतं. झरोक्यातून तीच तिरीप, तीच तरंगणारी धूळ. वाघ जिन्याकडं बघत होता. मी त्याला पाठ करून उभी राहिले, पैज लावल्यासारखी. टिकले नाही.

त्याच आठवड्यात साताऱ्याला गेले. हळदीचं काम होतं असं घरी सांगितलं. कुमुदताई किल्ल्याच्या पायथ्याशी भाचीकडं राहत होत्या. खाटेवर चिमूटभर झालेल्या. दाराशी एक बॅग भरून ठेवलेली. भाची म्हणाली, "मे लागला की बॅग भरायला लावते. म्हणते, पोरं येऊन थांबली असतील. जून लागला की मी गुपचूप रिकामी करते." ताईंनी मला ओळखलं नाही. मग माझा हात ओढून नाकाशी नेला.

"हळद," म्हणाल्या. "पडदा पोचला का गं?"

"पोचला, ताई."

"टेकवला नाही ना?"

"नाही."

"पोरं कुठायत?"

 ताई माझ्या मागं दाराकडं बघत राहिल्या. "नेताना कुणीही नेतं गं. आणताना पोरांनी आणायचा," एवढं म्हणाल्या. मी हो म्हटलं. पुढचा मे त्यांनी पाहिला नाही. भाचीनं नंतर सांगितलं, बॅग त्या वर्षी तिच्यानं रिकामी करवली नाही.

म्हणून थेटराची दुरुस्ती झाल्यावर आप्पा माझ्याकडं आले, तेव्हा मी तयार होते. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर रुमाल, हातात डबा. आप्पा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, कुठंही गेले तरी डबा बरोबर. खुर्चीत बसले.

"शालन, वाघ दे. थेटर उघडतोय."

"काय देता?"

"तू सांग."

"मे द्या."

आप्पा हसले. "अगं, मे महिना काय कुणाच्या बापाचा असतो?"

"थेटरातला तुमच्या कमिटीचा आहे. तो पोरांना द्या. शिबिर मी चालवते. शिकवणारं माणूस मी आणते."

"सगळा महिना? लग्नसराई असते, पोरी."

"नुसता वाघ मागायला आलात, की सौदा करायला?"

 आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि टेबलावर हात पुढं केला. "एक बोट म्हणजे एक आठवडा," म्हणाले. "अंगठा धरला तर दरसाल. आता बोलायचं नाही."

माझे कारकून बघत राहिले. माझी आई ज्या माणसाच्या वखारीत निवडायला बसली होती, त्यानं माझ्या हातावर रुमाल टाकला होता. आप्पांची बोटं हळकुंडासारखी, कोरडी, गाठीगाठींची. त्यांनी माझं एक बोट धरलं. मी मान हलवली. दोन धरली. मी हात काढायला लागले. "थांब की," असं तोंडानं नव्हे, बोटांनीच म्हणाले. तिसरं धरलं. बराच वेळ तिथंच. बाहेर वारा सुटला होता, पत्रा वाजत होता, आणि वर माडीवर एकदम शांत झालं होतं. मग आप्पांनी चौथं बोट धरलं. आणि शेवटी, माझ्याकडं न बघता, अंगठा.

रुमाल झटकून खांद्यावर टाकला. झटकलेल्या रुमालातला सौदा फिरत नाही, हे यार्डातलं शेंबडं पोरही सांगेल. बाप गेला तर मुलगा पाळतो. तो पाळणार नसेल, तर त्या पेढीशी पुन्हा कुणी रुमाल टाकत नाही.

असा एक मे महिना झाला. एकच. हळद निवडणाऱ्या बायकांची पोरं, हमालांची, गावभागातली, इंग्रजी शाळांतली, सगळी एकत्र. माझ्या वखारीतून थेटरापर्यंत बांबू पोरांनीच नेला. वळणावर त्याच घराच्या ओसरीत शिरले, आता तिथं त्या बाईची सून होती, तिनंही जागा दिली. एक म्हातारा पानपट्टीच्या बाकावरून उठला.

"माहेराहून आला का रं वाघ?"

पोरांना विनोद ठाऊक नव्हता. ती नुसतीच "हो!" म्हणून ओरडली. मी मागं राहिले, चष्मा पुसत. धूळ फार होती.

नाटकाच्या दिवशी आप्पांनी दाराशी बसून डबा खाल्ला, हात धुतले, आणि पहिल्या रांगेतली अध्यक्षांची खुर्ची सोडून सरळ मागं जाऊन बाकावर बसले. मधल्या वेळात मी विचारलं, "आप्पा, मागं ऐकू येतंय का?"

"मला येतंय," आप्पा म्हणाले. मग उजवीकडच्या रिकाम्या बाकाकडं जरासं झुकून, सहज, शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं, "ह्यांनाही येतंय."

श्रावणात आप्पा गेले. त्या वर्षी पडदा पोरांनी माझ्या माडीवर पोचवलेला होता, सौदा पाळलेला होता, सगळं जिथल्या तिथं. दसऱ्यानंतर अजितनं माणसं पाठवून पडदा नेला. मी दिला. का नाही देणार? सौदा होता.

पुढचा मे तोंडावर आला तेव्हा मी शिबिराचं बोलायला गेले. अजितनं चहा मागवला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी काळंबेरं आहे. अजित चहा कधी मागवत नाही.

"शालन, अगं पत्रे, वायरिंग, माणसांचे पगार. थेटर भावनेवर चालत नाही."

"मला धंदा शिकवतोस?"

"मे महिन्यातच हॉलला मागणी असते. तू हुशार आहेस, तुला कळतं. पोरांसाठी दिवाळीत बघू काहीतरी."

"आप्पांनी चार बोटं आणि अंगठा धरला होता."

"ते तुमचं दोघांचं. कमिटीपुढं काही आलं नाही."

"रुमालाखालचं कमिटीपुढं येतं का कधी?"

"तेच म्हणतोय मी. रुमालाखाली काय झालं ते आप्पांना माहीत, तुला माहीत. आप्पा नाहीत. हे मार्केट यार्ड नव्हे, शालन."

"मग पडदा दे परत."

"तो थेटराचा आहे. तो मूळचा थेटराचाच होता."

मी कप तसाच ठेवून उठले. आवाज चढला असेल. बाहेरची माणसं आत डोकावली, एवढं आठवतं. अजित म्हणाला, "ओरडू नकोस." भर नाटकात ज्याचं वाक्य मी ओरडून सांगितलं, तो मला म्हणाला ओरडू नकोस.

तेव्हापासून दर मे महिन्यात थेटरावर भोंगा लागतो. साड्या, चादरी, लोखंडी कपाटं. संध्याकाळी रिसेप्शन. मी तिकडून जायची टाळते. पण परवा गेले. यंदा वळीव लवकर आलाय, नदीकडून ओला वास यायला लागलाय, आणि मला झोप नाही. आत शिरले. खुर्च्या एका बाजूला रचलेल्या. शेवटच्या बाकावर साड्यांचे गठ्ठे. स्टेजवर नवरानवरीचे सोनेरी सोफे. त्यांच्यामागं, फोटोला बरा दिसतो म्हणून, जंगलाचा पडदा. बांबूवर नव्हे. लाकडी चौकटीवर ताणून, कडेनं खिळे ठोकलेले. पाऊलवाटेवर प्लास्टिकची फुलं टाचलेली. वाघाच्या कानातून दिव्यांची माळ ओवलेली. डोळे तेवढे मोकळे. तो माझ्याकडं बघत होता.

मी मंडपवाल्याला विचारलं, "पावसाआधी हा काढणार ना?"

"न्हाई वो मावशी. खिळं मारल्यात की. आता काढला तर फाटंल."

गर्दी होती. बायका भाव करत होत्या, पोरं पळत होती, भोंगा चालू होता. मी स्टेजच्या कडेला, पूर्वी जिथं उभी राहायची तिथं गेले आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, "ही वाट कुठं जाते?" मोठ्यानं. मला एकच प्रकार येतो.

बायकांनी वळून बघितलं, हसल्या, पुन्हा साड्यांकडं वळल्या. पण माझा आवाज मागच्या भिंतीवर जाऊन परत आला. स्पष्ट, सगळाच्या सगळा. ताई सांगायच्या, भरलेल्या थेटरात आवाज परत येत नाही, माणसं तो ठेवून घेतात. रिकाम्यात येतो. त्या दिवशी थेटरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आवाज परत आला. साड्यांच्या गठ्ठ्यांखालून उठून बाकावरचे कुठं गेले असतील? आप्पा कुठं बसत असतील?

हे लिहितेय तेव्हा ढग पश्चिमेला चढलेत. पाणी किती सुटेल ते तिकडं कोयनेवर ठरतं, आपल्या हातात नाही. पडदा पोचवणं आपल्या हातात होतं. ते पोरांचं काम होतं आणि पोरांना दारात पाऊलच टाकू दिलं नाही. माझ्या वखारीची माडी झाडून ठेवलीय. नारळ आणून ठेवलाय. वळणावरच्या सुनेला सांगून ठेवलंय. खिळे काढायला सुताराला घेऊन मी दाराशी उभी राहीन, पण या वेळी कुलूप तोडणार नाही. या वेळी दार आतून उघडलं पाहिजे.

तेव्हा अजित, तू उत्तर दे. कमिटीचं नको, तुझं दे. तुझ्या बापानं अंगठा धरला होता की नाही? धरला असेल तर मे कुठं आहे? वाघाला माहेरी कोण नेणार, आणि कधी? वाक्य आठवत नसेल तर मी सांगायला आहेच, पडद्यामागं, नेहमीच्या जागी. पण बोलायचं तुला. माझ्याकडं बघून नको. त्या साड्या उचल, बाक मोकळा कर, आणि तिथं पोचेल अशा आवाजात सांग.